१०.८ सेकंद म्हणजे नेमके किती?

थंडी सुरू झाली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांमध्ये क्रीडामहोत्सवाची गडबड उडते. शंभर मीटरची शर्यत संपते, सर हातातले स्टॉपवॉच पाहून 'बारा पूर्णांक त्रेचाळीस' असे सांगतात आणि तो आकडा प्रशस्तिपत्रावर चढतो. या आकड्यावर किती विश्वास ठेवावा? उत्तरासाठी एका नामवंत मुंबईकर धावपटूची वेळ तपासून पाहू.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. मुंबईच्या लॅव्ही पिंटो यांनी तेथे १०० मीटरची शर्यत १०.८ सेकंदांत आणि २०० मीटरची २२.० सेकंदांत जिंकली. रिलेमध्ये रौप्यपदकही मिळवले. आशियातला सर्वांत वेगवान माणूस मुंबईचा होता! पुढच्याच वर्षी ते हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावले. तेथील १०० मीटरचे सुवर्णपदक अमेरिकेच्या लिंडी रेमिजिनोला मिळाले. विद्युत यंत्राने नोंदलेली त्याची वेळ होती १०.७९ सेकंद.

१०.८ आणि १०.७९. म्हणजे पिंटो ऑलिंपिक विजेत्याच्या बरोबरीचे होते की काय? तसे म्हणायला आपल्याला आवडेल, पण ते खरे नाही. दिल्लीची वेळ हाताच्या घड्याळाची होती. हेलसिंकीच्या त्याच अंतिम शर्यतीत पंचांच्या हातातल्या घड्याळांनी रेमिजिनोची वेळ १०.४ दाखवली होती. पहिल्या चारही धावपटूंना १०.४ हीच वेळ मिळाली आणि क्रमांक छायाचित्रावरून ठरवावे लागले.

मग हे ०.३९ सेकंद गेले कुठे? विद्युत यंत्र पिस्तुलाच्या बाराबरोबर सुरू होते. वेळ घेणारा पंच मात्र आधी धूर पाहतो आणि मग बटण दाबतो. यात सुमारे दोन दशांश सेकंद सहज जातात. शेवटी धावपटू समोरून येताना दिसतच असतो, त्यामुळे बटण वेळेवर, कधी किंचित आधीच दाबले जाते. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर. साहजिकच नोंदलेली वेळ कमी भरते. या फरकापोटी १०० व २०० मीटरसाठी हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, पण ती केवळ सरासरी. १९६० साली रोममध्ये इटलीच्या लिव्हिओ बेरुतीने २०० मीटरचे सुवर्ण जिंकले, तेव्हा हाताची वेळ २०.५ आणि यंत्राची २०.६२ होती. फरक फक्त ०.१२! त्यामुळे पिंटो यांची वेळ आजच्या मापाने साधारण ११ सेकंदांच्या आसपास होती, एवढेच म्हणता येते. त्यांच्या सुवर्णपदकांना त्याने काही उणेपणा येत नाही. पदक शेजारच्या धावपटूला हरवून मिळते, घड्याळाला नव्हे.

शाळेच्या मैदानावर याहून मोठी चूक होते. आपल्याकडे पिस्तुलाऐवजी बहुधा लाकडी क्लॅपर किंवा शिट्टी असते आणि अंतिम रेषेवरचे शिक्षक आवाज ऐकून घड्याळ सुरू करतात. आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. शंभर मीटर यायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. प्रतिक्रियेचा उशीर वेगळाच. समजा, एका गटाची वेळ क्लॅपर मिटताना पाहून घेतली आणि दुसऱ्या गटाची आवाज ऐकून. अंतिम फेरीची निवड वेळेवरून असेल, तर १३ सेकंदांत धावणाऱ्या दुसऱ्या गटातल्या मुलीला दोन मीटरहून अधिक फुकटची आघाडी मिळाली आणि पहिल्या गटातली एखादी मुलगी विनाकारण बाहेर बसली.

म्हणून क्लॅपर डोक्यावर उंच धरावा, मागे गडद पडदा असावा आणि फळ्या मिटलेल्या दिसताच घड्याळ सुरू करावे. एका धावपटूसाठी तीन घड्याळे असल्यास मधली वेळ घ्यावी. हाताच्या वेळेत शतांश लिहू नयेत. नियमाप्रमाणे ती पुढच्या दशांशावर न्यावी लागते, म्हणजे सरांचे १२.४३ हे १२.५ होतात.

नववीच्या वर्गाला ध्वनी शिकवताना हा प्रयोग जरूर करावा. अंतिम रेषेवर सहा विद्यार्थी उभे करा. तिघांनी क्लॅपरकडे पाहावे, तिघांनी पाठ फिरवून फक्त ऐकावे. एकाच धावपटूच्या सहा वेळा फळ्यावर लिहा आणि दोन गटांच्या सरासरींतला फरक मुलांनाच काढू द्या.