नियमांचे निरसन : कोणता नियम काढावा आणि कसा?

कायदा कसा तयार होतो, याचा अभ्यास आपण करतो. तो संपतो कसा, हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही. मुदत घातलेली नसेल, तर कायदा कितीही जुना झाला तरी आपोआप संपत नाही. विधिमंडळाला तो रद्द करावा लागतो. या कृतीला ‘निरसन’ म्हणतात. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या आधारे आपण निरसनाचा विचार करू.

१. कालबाह्य नियम

ज्या परिस्थितीसाठी नियम झाला ती परिस्थिती उरली नाही, की तो कालबाह्य होतो. १८९४ चा भूसंपादन अधिनियम हे याचे ठळक उदाहरण. परकीय सत्तेने केलेल्या या कायद्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ कोणते हे सरकारच ठरवी. जमीनमालकाची संमती आवश्यक नव्हती. स्वातंत्र्यानंतरही तो साठहून अधिक वर्षे चालू राहिला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण परिसरात याच कायद्याखाली संपादनाची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला जनमत अजमवावे लागले. ज्या गोष्टीला कायद्यात जागा नव्हती, ती लोकांनी कायद्याबाहेर मिळवली. कायदा कालबाह्य झाल्याची याहून स्पष्ट खूण कोणती?

पुढे २०१३ च्या अधिनियमाने हा कायदा रद्द केला. १ जानेवारी २०१४ पासून खासगी कंपनीसाठीच्या संपादनास ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. जुन्या कायद्याखाली सुरू झालेल्या, पण निवाडा न झालेल्या प्रकरणांत भरपाई नव्या कायद्याने ठरेल, अशी सोयही केली गेली. अशा तरतुदीला ‘व्यावृत्ती’ म्हणतात. तिच्यावाचून निरसन केल्यास अर्धवट राहिलेल्या प्रकरणांतील माणसे अधांतरी राहतात.

२. दुहेरी नियम

एकाच गोष्टीसाठी दोन कार्यालयांकडे जावे लागते, तेव्हा नियम दुहेरी असतो. शेतजमिनीवर घर बांधण्याचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, हे दोन्ही कायदे १९६६ चे. पहिल्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची अकृषिक परवानगी लागत असे आणि दुसऱ्याप्रमाणे नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी हवी. अकृषिक परवानगीचे मूळ ब्रिटिशकालीन महसूल व्यवस्थेत आहे : जमिनीचा वापर बदलला की आकारणी बदलायची. घर कोठे असावे हे आराखड्याने आधीच ठरवलेले असताना तोच प्रश्न महसूल खात्यानेही विचारणे ही पुनरुक्ती होती. म्हणून पुढे संहितेत ४२-ब, ४२-क आणि ४२-ड ही कलमे घालण्यात आली. त्यांतील ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरल्यावर, निवासी वापरासाठी रूपांतरित झाल्याचे मानले जाऊ लागले. येथे लक्षात घ्या : महसूल बुडाला नाही, बांधकामाचे नियमही सुटले नाहीत, गेली ती केवळ दुसरी खेप.

३. जे दुहेरी दिसते, ते दुहेरी असतेच का?

आता रोह्याकडे वळू. कुंडलिका नदीच्या परिसरातील धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्याला पाण्यासाठी १९७४ चा, हवेसाठी १९८१ चा आणि कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होत आला. उद्योजकाला हे सारे एकच ओझे वाटते. त्यात काही पुनरुक्ती खरीच होती. पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या उद्योगाला उभारणीचे वेगळे संमतिपत्र घेण्यापासून नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने सूट दिली, ती यामुळेच.

परंतु नदीकाठचा मच्छीमार आणि संयंत्रावरचा कामगार यांना असणारे धोके वेगळे आहेत. त्यांचे रक्षण करणारे नियम एकमेकांची पुनरुक्ती ठरत नाहीत. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालावे लागले, हे विसरता येत नाही.

कायदे एकत्र करतानाही सावध राहावे लागते. २९ कामगार कायद्यांच्या चार संहिता झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० वर नेली. म्हणजे १५ कामगारांची कार्यशाळा पूर्वी ‘कारखाना’ होती, आता नाही. हा बदल योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. मात्र ही केवळ पुनरुक्ती काढणे नव्हे, तर नव्याने घेतलेला धोरणात्मक निर्णय होय.

४. समारोप

किती नियम रद्द झाले, हा निरसनाच्या यशाचा निकष नाही. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत : त्याचा हेतू आज जिवंत आहे काय? तोच हेतू दुसरा नियम पूर्णपणे साधतो काय? तो काढल्यास कोणाचे संरक्षण जाते? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचे ‘होय’ आले, तरी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय नियमाला हात लावू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘निरसन’ आणि ‘व्यावृत्ती’ या संज्ञा सोदाहरण स्पष्ट करा.
२. कालबाह्य नियम आणि दुहेरी नियम यांतील फरक सांगा.
३. आपल्या गावातील कोणत्याही एका परवानगीला वरील तीन प्रश्न लावून टिपण लिहा.