जुन्या इमारतींतले पाइप: बिघाड का होतात आणि वेळ आली तर काय करावे

जुन्या इमारतीत पाइप फुटतो तो क्षण अचानक येतो, पण त्यामागची झीज पंचवीस-तीस वर्षांची असते. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने आले. त्यानंतरच्या काळात गिरगाव-परळच्या चाळी, दादर-माटुंग्याच्या तीन-चार मजली इमारती, पुण्याच्या पेठांतली जुनी घरे आणि १९७०-८०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या सहकारी सोसायट्या यांत जे पाइप बसले, ते मुख्यतः तीन प्रकारचे होते. वापरायच्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, म्हणजे सगळे ज्यांना जीआय म्हणतात ते. मैला आणि सांडपाणी खाली नेण्यासाठी बिडाचे पाइप. आणि जमिनीखालून गटारापर्यंत भाजलेल्या मातीचे, झिलई दिलेले पाइप. प्रत्येकाची निकामी होण्याची तऱ्हा वेगळी. ती ठाऊक असली, तर पाणी घरात शिरल्यावर कुठे धावायचे हेही कळते.

झीज कुठे आणि कशी होते

जीआय पाइपवरचे जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि शिल्लक आहे तोवर लोखंडाला गंजू देत नाही. ते संपले की गंज आतून वाढू लागतो. त्याच्या गाठी पाइपच्या पोटात धरतात आणि अर्धा इंची पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरते. नळाची धार बारीक होत जाते, सकाळचे पहिले पाणी तांबूस येते, जाळीत काळपट कण अडकतात. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेपुरतेच येते. बाकीचा वेळ पाइपात ओल असते आणि हवाही असते. गंजाला एवढेच लागते.

पाइप फुटतो तो मात्र बहुधा जोडापाशी, आणि त्याचे कारण मोजता येते. निळ्या पट्ट्याच्या, म्हणजे मध्यम दर्जाच्या अर्धा इंची पाइपची भिंत २.६ मिलिमीटर जाड असते. एल्बो किंवा टी बसवण्यासाठी तिच्यावर आटे पाडले की खाच सुमारे १.२ मिलिमीटर खोल जाते. म्हणजे आट्यांच्या तळाशी लोखंड उरते दीड मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तेवढ्या भागावरचे जस्तही खरवडले गेलेले असते. पिवळ्या पट्ट्याच्या हलक्या पाइपची भिंत २ मिलिमीटरचीच असते; तिथे आट्यांच्या तळाशी एक मिलिमीटरही राहत नाही. त्यात शेजारी पितळी कॉक असेल, तर दोन धातूंच्या संगतीत लोखंड आणखी लवकर गंजते. नळामागचे निपल, गीझरची जोडणी आणि भिंतीत गाडलेले एल्बो हेच आधी दगा देतात ते यामुळे.

पाइप फुटला तर

अर्धा इंची पाइप तुटून मोकळा वाहू लागला, तर मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी सहज बाहेर पडते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या वेगाने तासाभरात घरात रिती होऊ शकते. त्यामुळे पहिले काम पाणी थांबवणे. फडकी, बादल्या आणि प्लंबरला फोन हे सारे त्यानंतरचे.

पाणी तीन ठिकाणी बंद करता येते. पहिले घरातल्या किंवा बाथरूमच्या कॉकवर, दुसरे गच्चीवर टाकीतून उतरणाऱ्या त्या लाइनच्या व्हॉल्व्हवर आणि तिसरे खाली, मीटर किंवा पंपापाशी. टाकीतून येणारी लाइन फुटली असेल तर खालचा व्हॉल्व्ह बंद करून उपयोग नसतो. सरळ महापालिकेच्या दाबावर चालणारा नळ असेल तर गच्चीवर धावणे व्यर्थ. घरात कोणता नळ कुठल्या लाइनवर आहे, हे आधीच माहीत असावे लागते. पंप चालू असेल तर तो बंद करायचा, नाहीतर टाकी पुन्हा भरत राहते.

जुन्या चाकाच्या व्हॉल्व्हची एक खोड आहे. वर्षानुवर्षे न फिरवल्याने आतली पाती गंजून बसते किंवा दांड्यापासून सुटते. मग चाक फिरते, पण पाणी थांबत नाही. अशा वेळी पाना लावून जोर केला तर व्हॉल्व्हच मोडतो आणि एका गळतीच्या दोन होतात. तो सोडून त्याच्या वरचा व्हॉल्व्ह गाठणे शहाणपणाचे. पाणी बंद झाल्यावर खालच्या पातळीचे नळ उघडून ठेवले की पाइपात उरलेले पाणी मोरीत निघून जाते.

पाणी स्विचबोर्डापर्यंत पोचले असेल, तर कोरड्या हातापायांनी पोचता येत असेल तरच मेन स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. गीझर मात्र लगेच बंद करायला हवा. टाकीतले पाणी उतरून कॉइल कोरडी पडली तर ती जळते.

सरळ पाइपला सुईएवढे भोक पडले असेल, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळून वर दोन क्लॅम्प आवळले की एक-दोन दिवस निभतात. एम-सील ओल्या पाइपावर धरत नाही. आधी पाणी बंद करून, गंज खरवडून, जागा कोरडी करून मगच ते लावावे. जोडाच्या गळतीवर यातले काहीच टिकत नाही. जोड उघडतानाही दोन पाने हवेत, एकाने मागचा पाइप धरायचा आणि दुसऱ्याने जोड फिरवायचा. एकाच पान्याने फिरवले की पीळ भिंतीतल्या पुढच्या जोडावर जातो आणि तो आत तुटतो. जुन्या घरांत पाचशे रुपयांचे काम टाइल्स फोडण्यापर्यंत जाते ते पुष्कळदा असेच.

छतातून ओल आली तर

वरच्या मजल्याच्या बाथरूममधून खाली ओल उतरली की दोन घरांत भांडण आधी आणि तपास नंतर, असे फार ठिकाणी होते. खरे तर तपासाची पहिली पायरी अवघड नाही. ओल दिवसरात्र सारखी राहत असेल, वरचे लोक गावाला गेले तरी वाळत नसेल, तर पुरवठ्याचा पाइप गळतो आहे. सकाळी आंघोळीनंतर ओल वाढून दुपारपर्यंत ओसरत असेल, तर दोष सांडपाण्याच्या वाटेत आहे, बहुधा नहाणी ट्रॅपमध्ये. हा बिडाचा ट्रॅप फरशीखाली विटांच्या तुकड्यांच्या भरावात बसवलेला असतो. त्याचा तळ गंजला की पाणी भरावात मुरते आणि मिळेल त्या फटीने खाली येते. त्यामुळे ओलीचा डाग दिसतो तिथेच गळती असेल असे नाही. मोरीत रंगीत पाणी ओतून तो रंग खाली उतरतो का, हे पाहिले की वाद मिटतो. पुरवठ्याच्या लाइनसाठी सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का, ते पाहतात.

ही ओल दुर्लक्षित राहिली, तर पाणी स्लॅबच्या सळ्यांपर्यंत जाते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. छताला फुगवटा आला असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्याखाली कोणी झोपू नये. तिथल्या दिव्या-पंख्याचा वीजपुरवठा बंद ठेवावा आणि इमारतीच्या अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे.

सांडपाणी उलटले तर

वरच्या मजल्यांचे पाणी खाली जायला वाट उरली नाही की ते सर्वांत खालच्या घराच्या मोरीतून वर येते. तळमजल्यावर मोरी उलटली तर पहिला उपाय त्या घरात नसतो, वरच्या मजल्यांवर असतो. सगळ्यांना सांगून पाणी वापरणे थांबवावे लागते. त्यानंतर इमारतीचे शेवटचे चेंबर उघडून पाहावे. ते भरलेले असेल तर तुंबा पुढे, महापालिकेच्या वाहिनीकडे आहे आणि तक्रार तिथे करायची. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. चेंबर रिकामे असेल तर तुंबा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे.

तुंब्याचे कारण पुष्कळदा झाड असते. बिडाच्या उभ्या पाइपचे जोड काथ्या आणि शिसे ठोकून किंवा सिमेंटने भरलेले असतात. त्यातल्या चिरेत पिंपळाचे बी रुजते आणि मुळे ओलीच्या मागे आत शिरतात. जमिनीखालच्या मातीच्या पाइपांतही असेच होते. वरून रोप छाटले तरी मूळ आतच राहते. तो जोड उघडून मूळ काढावे लागते. आम्ल ओतून तुंबा काढण्याचा प्रयत्न जुन्या लोखंडाला खातो. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

यात एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. चेंबर, मॅनहोल किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटारात वा सेप्टिक टाकीत धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ती २०२३ साली ३० लाखांवर नेली. भरपाईने माणूस परत येत नाही. काम यंत्राने, सळईने किंवा दाबाच्या पाण्याने बाहेरूनच करून घ्यावे, एखादा दिवस जास्त लागला तरी चालेल.

नळाला गढूळ पाणी आले तर

सर्वांत धोकादायक बिघाड कमी दिसणारा असतो. जुन्या मुंबईत दोन इमारतींमधल्या घरगल्लीतून सांडपाण्याचे पाइप उतरतात आणि त्याच चिंचोळ्या जागेतून पिण्याच्या पाण्याची जोडणीही जाते. नळाला पाणी असते तेव्हा छिद्रातून पाणी बाहेर गळते. पाणी गेले की पाइपातला दाब उतरतो आणि त्याच छिद्रातून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळाची पहिली धार तेच घेऊन येते. लाइनला थेट पंप लावणारे हे ओढणे आणखी वाढवतात. म्हणूनच त्याला मनाई आहे. कावीळ, विषमज्वर, कॉलरा, जुलाब यांचे उद्रेक अशा वाटेने होतात.

पाण्याला वास, फेस किंवा गढूळपणा आला तर ते पिणे ताबडतोब थांबवावे आणि जमिनीखालच्या टाकीत पाणी घेणे बंद करावे, म्हणजे साठा तरी दूषित होत नाही. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. पालिकेचे कर्मचारी ओटी चाचणी करतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर नमुना पिवळा होतो. आदल्या दिवसापर्यंत पिवळा होणारा नमुना अचानक रंगहीन राहिला, तर वाटेत घाण मिसळल्याची शंका घ्यावी. छिद्र सापडून बुजल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुतल्याखेरीज त्यांचे पाणी पिऊ नये.

ठिगळ की नवी लाइन

एका वर्षात एकाच लाइनवर दुसऱ्यांदा जोड गेला, तर तिसऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सगळे जोड एकाच वयाचे असतात. नवे पाइप आता बहुधा प्लास्टिकचे असतात: थंड पाण्याला यूपीव्हीसी, गरम पाण्याला सीपीव्हीसी, सांडपाण्याला जाड पीव्हीसी. ते गंजत नाहीत, पण उन्हात ठिसूळ होतात, म्हणून बाहेरच्या भिंतीवर त्यांना रंग किंवा आच्छादन लागते. ते शक्यतो भिंतीत न गाडता दिसतील असे घ्यावेत. गळती दिसली की ती त्याच दिवशी दुरुस्त होते.

बदल करताना एक धोका सहज नजरेआड होतो. बऱ्याच जुन्या घरांत विजेचे अर्थिंग लोखंडी पाण्याच्या पाइपलाच जोडलेले असते. मधला एक तुकडा प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग तुटते, आणि गीझरमध्ये दोष आल्यास उरलेला लोखंडी पाइप व नळ शॉक देऊ शकतो. म्हणून पाइप बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंग तपासून घेणे अनिवार्य मानावे.

खर्च कोणाचा, याचे उत्तरही बहुतांशी ठरलेले आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामाईक पाइप, टाक्या, पंप, ड्रेनेज आणि त्यांच्यामुळे होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी, तर घरातल्या संडास-सिंकची गळती सदस्याची. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचना तपासणी दर तीन वर्षांनी करावी, असेही उपविधी सांगतात. मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे.

बिघाडाची तारीख कोणालाच ठरवता येत नाही. तयारीची ठरवता येते. प्रत्येक जुन्या इमारतीने आपल्या पाइपांचा एक साधा नकाशा काढून जिन्यात लावावा, प्रत्येक व्हॉल्व्हवर त्याच्या लाइनचे नाव रंगवावे, सहा महिन्यांतून एकदा तो पूर्ण बंद करून उघडून पाहावा आणि अडणारा व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात बदलावा. याला खर्च फारसा नाही, आणि मध्यरात्री पाणी घरात शिरले तर कुठे हात घालायचा हे इमारतीतल्या प्रत्येक माणसाला माहीत असते.