टोपी काढली की आबा अनोळखी

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा. बोललोय तसंच लिहिलंय, फक्त मधले ‘अं, अं’ काढलेत.)

मध्यंतरी मी शिरूरहून दौंडला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिचे सासरे, आमचे आबा, त्या दिवशी तिरुपतीहून परत येणार होते. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. आबा गाडीतून उतरले, तर टोपी नाही, केस नाहीत, मिशीसुद्धा उतरवलेली. सहा वर्षांचा भाचा त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेला आणि धोतर-टोपीतल्या दुसऱ्याच आजोबांचं बोट धरून चालायला लागला.

दौंड स्टेशनची गर्दी तुम्हाला माहितीये. बहिणीच्या पोटात गोळाच आला. आबा एवढंच म्हणाले, “विसरला मला.” मग त्यांनी रोजच्यासारखी हाक मारली, “काय पाटील!” पोरगं गर्रकन वळलं आणि धावत येऊन त्यांना बिलगलं.

भाच्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. तो आबांना विसरला नव्हता. मग नेमकं काय झालं? मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला घेतलं.

आपण चेहरा कसा ओळखतो?

एक प्रयोग करा. फोनचं ऑटो-रोटेट बंद करा, घरच्या लग्नातला ग्रुप फोटो उघडा आणि फोन उलटा धरा. रोजची माणसंही पटकन सापडत नाहीत ना? १९६९ मध्ये रॉबर्ट यिन यांनी हेच दाखवलं. चित्र उलटं केलं की घरं किंवा विमानं ओळखण्यापेक्षा चेहरे ओळखणं जास्त बिघडतं. कारण आपण नाक, डोळे, ओठ सुटे सुटे बघत नाही. त्यांची मांडणी एका नजरेत टिपतो.

याची सुरुवात फार लवकर होते. जन्मानंतर काही तासांतच बाळ चेहऱ्यासारख्या आकाराकडे वळतं. पुढे रोज आईच्या, आजीच्या डोळ्यांत बघून सराव चालू राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेलला ट्रेनिंग डेटा मिळत राहतो.

ऑटिझममध्ये काय वेगळं होतं?

वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांचा २०१३ मधला अभ्यास आहे. ज्या बाळांना पुढे ऑटिझमचं निदान झालं, ती सुरुवातीला इतर बाळांसारखीच डोळ्यांकडे बघत होती. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बघणं कमी होत गेलं. म्हणजे डेटा कमी पडला, तोही डोळ्यांचा.

त्याआधी, १९७८ मध्ये, टिम लँगडेल यांनी मुलांना वर्गमित्रांचे अर्धवट झाकलेले फोटो दाखवले. ऑटिझम असलेली लहान मुलं चेहऱ्याच्या खालच्या भागावरून इतरांपेक्षा चांगलं ओळखत होती. त्यांच्यातली मोठी मुलं तर उलट्या फोटोतही पुढे होती! म्हणजे ओळख होते, पण वाट वेगळी. भाच्याच्या डोक्यात आबा म्हणजे बहुतेक टोपी, मिशी आणि आवाज. पहिल्या दोन खुणा तिरुपतीला राहिल्या. तिसरी ऐकू आली आणि आबा सापडले.

आता उलटं उदाहरण. विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा नसतो. या मुलांना चेहऱ्यांची भारी ओढ असते आणि चेहरे ओळखायच्या चाचणीत त्यांना इतरांच्या जवळपास गुण मिळतात. तरी ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांचं म्हणणं होतं की गुण तेवढेच असले तरी ही मुलं सुट्या भागांवर जास्त भिस्त ठेवतात. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच पटेल. आउटपुट बरोबर आलं म्हणून आतला अल्गोरिदम तोच असेल असं नाही.

एक सांगायला हवं, ऑटिझमची सगळी मुलं सारखी नसतात. काहींना चेहरे छान लक्षात राहतात. आणि काही संशोधक म्हणतात की पद्धत आपल्यासारखीच असते, फक्त चेहरा लक्षात ठेवणं कठीण जातं.

शिकवता येतं का?

थोडंफार येतं. कॅनडातल्या जिम टनाका यांच्या टीमने ‘लेट्स फेस इट!’ नावाचे कॉम्प्युटर गेम बनवले. २०१० च्या अभ्यासात मुलं एकूण २० तास खेळली आणि चेहरे ओळखण्याच्या काही ठरावीक कौशल्यांत सुधारणा दिसली. जादू नाही, पण सराव कामाला येतो.

आम्ही घरी दोन साध्या गोष्टी केल्या. एक, फोनमध्ये अल्बम बनवला. त्यात एकाच माणसाचे खूप वेगवेगळे फोटो आहेत: आबा टोपीत, बिनटोपीचे, चष्म्यात, मिशी नसलेले. दोन, जवळ जाताना आधी हाक मारायची. “माझ्या डोळ्यांत बघ” अशी जबरदस्ती बंद. ऑटिझम असलेली बरीच मोठी माणसं सांगतात की नजर भिडवताना त्यांना अक्षरशः त्रास होतो.

तुमच्या घरात, वाडी-वस्तीवर असं मूल असेल तर “अजून लहान आहे, होईल” म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मोफत तपासणी असते. विकासातले उशीर आणि ऑटिझमही त्यात येतात. अंगणवाडीताईंना विचारा.

आबांची मिशी आता परत आलीये. तरीही दारात चपला काढताना ते आधी “काय पाटील!” म्हणतात, मगच आत येतात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!