खेटून उभी घरं

नॉर्वेच्या पर्यटनाच्या चित्रांत एक लाल घर हमखास असतं. मागं डोंगर, पुढं फ्योर्ड आणि मध्ये ते एकटंच. तिथला शेतकरी मुळातच एकलकोंडा, असं त्यावरून आपण ठरवूनही टाकतो. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या हार्दांगर, सोग्न या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतकऱ्यांची घरं एकमेकांना खेटून, दाटीवाटीनं उभी असत. अशा पुंजक्याला तिथं ‘क्लिंगेतून’ म्हणतात. एकट्या घरांपैकी कितीतरी घरं जमीन-वाटणीच्या कायद्यानं जन्माला घातली आहेत.

दाटीमागचं कारण साधं होतं. कसण्याजोगी जमीन म्हणजे डोंगर आणि पाणी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. मूळच्या एका शेताचे पिढ्यान्पिढ्या वाटे पडत गेले. चांगली, निकस, पाणथळ अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा तुकडा प्रत्येकाला मिळाला पाहिजे, म्हणून एकेकाच्या वाट्याला डझनावारी विखुरलेल्या पट्ट्या येत. घर मात्र हलवायचं कुठं? दरड आणि हिमलोटापासून सुरक्षित जागा तेवढी एकच, आणि पिकाऊ जमिनीवर घर बांधणं परवडणारं नव्हतं. ऑस्तेरॉय बेटावरच्या हाव्रो इथं आठ कुटुंबांची शेती अशीच एका तीव्र उतारावर होती. अशा उतारांवर खाली ओघळलेली माती पाठीवरून पुन्हा वर वाहून न्यावी लागे. १९९८ साली हाव्रोला देशातला पहिला ‘सांस्कृतिक परिसर’ म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. एखाददुसरी इमारत न राखता शेत, वाटा, बांध सगळंच राखायचं, असा त्याचा अर्थ.

हार्दांगरमधल्या आगा या ठिकाणी सुमारे तीस इमारती आज संग्रहालय म्हणून उभ्या आहेत. त्यातलं सर्वांत जुनं घर तेराव्या शतकातलं, तिथल्या न्यायाधिकाऱ्याचं. जुन्या घरांत धुराडं नसे. जमिनीवर उघडी चूल, छपराला धूर जाण्यापुरतं भोक आणि त्याची झडप उघडायला लांब काठी. भिंतींचे ओंडके काजळीनं काळे पडत. एका कुटुंबाचं बिऱ्हाड एका छपराखाली मावतही नसे: राहतं घर वेगळं, धान्या-मांसाचं कोठार वेगळं, भाजण्या-शिजवण्याची खोपी वेगळी, गोठा नि गवताची वखार आणखी कुठं तरी. मध्ये दुसऱ्याचं कोठार, तिसऱ्याची वखार. एकाच्या चुलीतली ठिणगी उडाली तर सगळ्यांची झोप उडणार, म्हणून आगीचं काम शक्यतो वस्तीच्या कडेला ठेवत.

हे सगळं मोडलं ते १८२१ आणि १८५७ च्या कायद्यांनी. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन द्यायची, असं धोरण ठरलं. १८५९ पासून त्यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा कामाला लागली. ओंडक्यांची घरं सुटी करता येतात. ती उतरवली, वाहून नेली आणि नव्या जागी उभी केली. उत्पन्न वाढलं, निचरा सुधारला, बांधावरची भांडणं कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेजार गेला. जे पुंजके आज पाहायला मिळतात, ते बरेचसे या वाटणीतून सुटले किंवा तिच्या तडाख्यात उशिरा सापडले म्हणून.

घराण्याचा हक्क मात्र शाबूत राहिला. ‘ओदेल’ नावाचा हा हक्क १२७४ च्या राष्ट्रीय कायद्याच्याही आधीचा. १८१४ च्या राज्यघटनेनं त्याला संरक्षण दिलं. शेत बाहेरच्याला विकलं तरी नातलग ते मोबदला देऊन ठरावीक मुदतीत परत मागू शकतात. पहिला मान थोरल्याचा. थोरल्या मुलीला धाकट्या भावाच्या पुढं जागा मिळायला मात्र १९७४ चा कायदा यावा लागला, तोही १९६५ पासून जन्मलेल्यांपुरता. आई-बापांनी शेत पुढच्या पिढीच्या नावे केलं की करारात लिहून घेत: वर्षाला किती धान्य, किती दूध, किती सरपण. पोटच्या मुलाशीही लेखी व्यवहार! मला तो शहाणपणाचाच वाटतो. खटकतं ते वेगळंच. घराण्याचा हक्क घटनेत बसला आणि शेजारधर्म कुठंच नोंदला गेला नाही.

घरं हलली, तशी माणसंही हलली. १८२५ साली स्टाव्हांगरहून ‘रेस्टोरेशन’ हे छोटं जहाज अमेरिकेला निघालं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं त्या वाटेनं गेली. त्यांचे वंशज आता मुळं शोधत येतात. साधनं उत्तम आहेत: १८०१ ची नावानिशी जनगणना, चर्चची दप्तरं आणि शेतवार घराण्यांची माहिती देणारे गावोगावचे जाडजूड ग्रंथ. अडचण नावाची. बापाच्या नावापुढं शेताचं नाव लावत, आपल्याकडच्या ‘कर’सारखं; पण शेत बदललं की तेही बदलायचं. कायमचं कौटुंबिक आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्यानं. शिवाय पुंजक्यातली सगळी घरं, नात्यातली असोत वा नसोत, एकच शेतनाव लावत. म्हणून ‘आमचं घर कुठलं?’ या प्रश्नाला तिथं बोट दाखवून एक उत्तर देता येत नाही. राहतं घर इथं, कोठार वरच्या अंगाला, गोठा दुसऱ्याच्या अंगणापलीकडं, आणि नाव साऱ्या वस्तीचं.