ठाकुर्लीच्या खाडींत सध्यां गळास काय लागतें?

राब भाजून झाले, पेरा पावसावर अडून राहिला, अशा ज्येष्ठाच्या दिवसांत खाडीकांठचे पुष्कळ शेतकरी बंधू गळ घेऊन बसतात व एकमेकांस विचारतात, "सध्यां काय लागतें?" या प्रश्नाचें उत्तर आमिषापेक्षां पाण्यांत अधिक आहे. कोणता मासा गळास येतो यावरून पाणी कोणत्या स्थितींत आहे हें ओळखतां येतें. आणि ज्याच्या खाचराची उघाडी त्याच पाण्यावर उघडते, त्यास हें ज्ञान केवळ करमणुकीचें नाहीं.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत व बदलापूर यांवरून कल्याणास येते. काळू नदी तिला कल्याणाजवळ मिळते. मोहनें येथील बंधाऱ्याच्या वर पाणी गोडें. खालीं भरतीचा अंमल. श्रावणांत घाटांतील पुराच्या जोरानें खारें पाणी समुद्राकडे रेटलें जातें, आणि वैशाखापर्यंत ओघ रोडावला म्हणजे तें पुन्हां वर चढतें. भरतीचा हिशेब तिथीवरून करावा. अमावास्येस व पौर्णिमेस मुंबईच्या किनाऱ्यावर भरती सुमारें मध्यान्हीं व मध्यरात्रीं पुरी होते आणि पुढें दर दिवशीं दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटें, मागें पडते. ठाकुर्लीस ती आणखी उशिरां पोहोंचते. किती उशिरां, हें प्रत्येकानें आपल्या धक्क्यावर एक पंधरवडा पाहून लिहून ठेवावें. उधाणाची भरती चढत असतां मासा हिंडतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां तो आळसावतो.

गेल्या पंधरवड्यांत येथें गांडुळावर येत होते ते मुख्यत्वें शिंगाळे आणि चिलापी. शिंगाळ्याचे कांटे विखारी, गळ काढतांना जपावें. बोयांचे थवे पाण्यावर उड्या मारतांना दिसतात, परंतु बोय गाळांतील शेवाळ खाणारी; तिला पागच हवा. क्वचित् कणकेच्या गोळीस ती भुलते. खजुरी, जिला रायगडकडे जिताडा म्हणतात, ती जिवंत कोळंबीवर एखाद्या भाग्यवंतासच लाभली.

चिलापी मूळची आफ्रिकेंतील. पाण्यांतील प्राणवायु कमी झाला तरी ती तग धरते; मरळ व मांगूर तर वर येऊन हवाच घेतात. म्हणून ज्या ठिकाणीं गळास दुसरें कांहीं न येतां हेच मासे येऊं लागतात, तेथें पाणी गुदमरलें आहे असें समजावें. याचें कारण दूर शोधावयास नको. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून येणारी वालधुनी आपला सारा मळ कल्याणाजवळ खाडीस देते, त्यांत शहरांचें सांडपाणी मिळतें, आणि तो मळ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतो. ऊन्ह जितकें कडक तितका प्राणवायु पाण्यांत कमी राहतो, हा दुसरा घाला. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल दंडाचा आदेश दिला. पाण्याचा वास मात्र अद्यापि गेलेला नाहीं. त्यांत रेतीच्या उपशानें खाडीचा तळ खणला गेला. माझी नोकरी महसुलांत गेली; परवान्यावर किती ब्रास व प्रत्यक्षांत किती, हें मी येथें लिहीत नाहीं. मात्र तळ खोल झाल्यानें खारबंदिस्तीचे पाय ढासळतात, हें बांधावर उभें राहून कोणासही दिसेल.

आतां महत्त्वाची गोष्ट. पहिल्या मोठ्या सरीनें नाल्यांत वर्षभर सांचलेला गाळ एकदम खाडींत उतरतो व मासे तोंड वर काढून मरूं लागतात. फुकटचा मासा म्हणून ते कोणीं घरीं नेऊं नयेत. त्याच वेळीं उघाडीची फळी नीट बसली आहे कीं नाहीं हें पाहावें. भरतीबरोबर तें पाणी आंत शिरलें तर राबावरील कोंवळें रोप जळतें. खाडी धुऊन निघाली, पाण्याचा वास गेला, मगच निर्धास्त व्हावें.

पुढें वलगण लागेल. ओढ्यांतून शिंगटी, मरळ, खवली खाचरांत चढतील, त्या अंडीं टाकण्यासाठीं. बांधाच्या तोंडाशीं एका रात्रींत टोपलीभर मासे सांपडतात, आणि मीही ते लहानपणीं आवडीनें खाल्ले आहेत. पण तेव्हां चढणारे मासे पुष्कळ होते. आतां प्रत्येक पोटवाळी मादी म्हणजे आश्विनांतील शेंकडों पिलें. निदान पहिले कांहीं दिवस तोंडें मोकळीं ठेवावीं, आणि नंतरही पोट फुगलेली सोडून द्यावी. पाण्यांत विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणें तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे.

खजुरीचें गणित निराळें. ती पावसाळ्यांत खाडीच्या मुखाकडे जाऊन अंडीं टाकते व तिचीं पिलें वर गोड्या पाण्याकडे येतात. लहानपणीं ती नर असते आणि मोठी झाल्यावर मादी होते. म्हणून थोराड खजुरी बहुधा मादीच. ती मुखाकडे उतरतांना कोणास लाभली तर पुढील पीक गेलें असें समजावें.

आषाढांत पाणी गढूळ असेतों गळ टाकण्यांत अर्थ नाहीं. वासावर चालणारा शिंगाळा तेवढा येईल. खजुरीची हौस असेल त्यानें आश्विनांत, पूर ओसरून पाणी निवळल्यावर, अमावास्येच्या उधाणास जिवंत कोळंबी घेऊन यावें.