फ्रँकफर्ट : जुनं ते नवं, नवं ते जुनं

फ्रँकफर्ट म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना एअरपोर्टच आठवतो. अमेरिकेला जाताना फ्लाइट बदलायची, कॉफी प्यायची, दोन चॉकलेटं घ्यायची... झालं फ्रँकफर्ट! "बँका सोडून तिथं आहे काय?" असं मावशीकडे निघताना मलाही चार जणांनी ऐकवलं होतं. पण एअरपोर्टवरून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पंधराएक मिनिटांत मेन स्टेशनला सोडते. हातात सहा-सात तास आणि पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असेल तर खुशाल बाहेर पडा.

बँका आहेतच. माइन नदीच्या काठी एवढे टॉवर की लोक गावाला 'माइनहॅटन' म्हणतात. त्यातला कॉमर्झबँक टॉवर सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी नीट बघावा. नॉर्मन फॉस्टरचं डिझाइन, १९९७ साली पूर्ण, उंची २५९ मीटर, जर्मनीत सर्वांत उंच. प्लॅन त्रिकोणी, मधोमध पोकळी. लिफ्ट आणि जिने तीन कोपऱ्यांत सारलेले. चार-चार मजले उंच अशा नऊ बागा इमारतीभोवती फिरत वर चढतात आणि त्यांतून उजेड, हवा आतपर्यंत पोचते. ऑफिसच्या खिडक्या चक्क उघडतात! मे महिन्यात आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये शीट पूर्ण केलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. वरून गाव बघायचं तर २०० मीटरच्या माइन टॉवरवर तिकीट काढून जाता येतं, हवा बरी असली तर.

पण खरी गंमत खाली आहे, रोमरबर्ग चौकात. लाकडी चौकटींची, टोकदार छपरांची घरं, एकदम गोष्टीच्या पुस्तकातली. सगळे टुरिस्ट इथं फोटो काढतात आणि "किती जुनं ना!" म्हणतात. जुनं कसलं? मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत इथलं जुनं गाव जळून गेलं. चौकाच्या पूर्वेची ही रांग जुन्या नमुन्यावर पुन्हा उभी राहिली ती १९८४ पर्यंत. डॉइश बँकेचे जुळे काचेचे टॉवरही १९८४ चेच. म्हणजे आजोबा आणि नातू एकाच वर्गात!

तिथून कॅथेड्रलकडे चालत गेलं की आणखी कमाल. इथं १९७४ पासून महापालिकेचं एक अवाढव्य काँक्रीटचं ऑफिस होतं. ते पाडून त्या जागी ३५ घरं बांधली. १५ जुन्यासारखी हुबेहूब, बाकीची जुन्या वळणाची पण नवीन. २०१८ साली ही गल्ली लोकांसाठी खुली झाली. खाली पार्किंग आणि मेट्रो स्टेशन, वर मध्ययुग. ही 'प्राचीन' घरं माझ्यापेक्षा लहान आहेत, मी तेव्हा शाळेत होते.

यावर तिथं बरीच भांडणं झाली. काहींना हा नुसता देखावा वाटतो, काहींना आपलं हरवलेलं गाव परत मिळाल्यासारखं. मला विचाराल तर कारागिरी अस्सल आहे, दगड आणि लाकूडकाम बघत राहावं असं. खटकतं ते वेगळंच. सगळं इतकं गोड दिसतं की मधली वर्षं पुसली जातात. गाव का जळालं, त्याआधी तिथं काय चाललं होतं, हे त्या गल्लीत फिरताना मनातही येत नाही.

म्हणून वेळ थोडा असेल तर शॉपिंगला काट मारा (रविवारी दुकानं तशीही बंद असतात), नदीपलीकडे साक्सेनहाउझेनमध्ये सात हिरव्या पाल्यांचा थंड सॉस आणि उकडलेले बटाटे खा, आणि पूर्वेला युरोपियन सेंट्रल बँकेकडे जा. १८५ मीटरच्या टॉवरच्या पायथ्याशी १९२८ सालची घाऊक भाजीमंडई आहे, २२० मीटर लांब. बँकेने ती पाडली नाही, पोटात घेतली. याच मंडईच्या तळघरात १९४१ पासून नाझींनी शहरातल्या ज्यू लोकांना गोळा केलं आणि शेजारच्या रुळांवरून गाड्यांत भरून छळछावण्यांकडे पाठवलं. सुमारे १०,००० माणसं. बँकेच्या कुंपणाबाहेर आता त्यांचं स्मारक आहे. जुने रूळ तसेच ठेवलेत, आणि त्या दिवसांबद्दल लोकांनी लिहिलेली वाक्यं काँक्रीटमध्ये कोरलीत. तिकीट नाही, रांग नाही. मी गेले तेव्हा एक आजोबा सायकल हातात धरून एकेक ओळ वाचत उभे होते, बाकी कोणी नव्हतं.