लिंबूटिंबू आणि पांच गडी

मुलांच्या खेळांत कच्चा गडी ‘लिंबूटिंबू’ असतो. तो खेळतो, पण मोजला जात नाहीं. १९३० सालीं उरुग्वेंत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकानें बसविलेल्या छपराखालच्या फुटबॉलांत, म्हणजे फुटसालांत, ही सोय नाहीं. गोलरक्षकासह पांचच गडी. एकास वगळलें कीं उरलेले चौघे पांचांशीं झुंजतात. हुतुतूंत कसलेला गडी नवख्याचा हात धरून साखळी करतो. नाशिकच्या हौशी फुटसाल-संघांतहि कसलेल्यानें तेंच करावें. या खेळाचा चेंडू कमी उसळतो. तो नवख्याच्या पायाशीं जमिनीलगत, बेतानें द्यावा आणि त्याच्या पाठीशीं उभें राहावें. बदली गडी कितीहि वेळां उतरवितां येतात. म्हणून दमलेल्यास विश्रांति द्यावी, चुकलेल्यास मात्र लगेच बाहेर काढूं नये. चेंडू मिळाल्यावांचून कोणाचाहि पाय तयार होत नाहीं.